दुधातला गोड पाव

सायकलच्या दुकानात संध्याकाळी झाडू मारला की एक-दोन छर्रे सापडतातच. कुठल्या चाकातून पडले ते कळत नाही आणि फेकवतही नाहीत, म्हणून माणूस ते एका डबीत टाकतो. वर्षभराने डबी उघडावी तर ती गच्च भरलेली. आमच्या घरातल्या पाव भाजायच्या मशीनचं तसंच झालं आहे. प्रत्येक पावामागे काही ना काही सांगण्यासारखं उरलं. मी फार बोलणारा माणूस नाही. पण खाली बागेत संध्याकाळी मराठी कळणारे चार म्हातारे बसतात, ते विचारतात, आणि मग मी सावकाश एकेक सांगतो.

आधी घर सांगायला हवं. इस्लामपूरच्या बाजूला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा चौथीपर्यंत. मुलगा शिकला, सिरुसेरीला कंप्युटरच्या कंपनीत लागला. हात थकले तसं मी दुकान बंद केलं आणि इंदूला, म्हणजे माझ्या बायकोला, घेऊन त्याच्याकडे चेन्नईला आलो. सून सुधा. तिची माणसं मराठीच, पण तंजावरची, कितीतरी पिढ्या इकडे राहिलेली. ती मला मामंजी म्हणते. आमच्या गावात हा शब्द आता ऐकू येत नाही, तिच्या घरात तो राहून गेला आहे. चिडते मात्र तमिळमध्ये.

इथं येऊन वर्ष झालं नाही तोवर इंदूला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली आणि गिळणं बंद पडलं. पाण्याचा घोटसुद्धा भलत्या नळीत जायचा. म्हणून नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घातली आणि जे काही द्यायचं ते तिच्यातून. डॉक्टर म्हणाले, दोन महिने बघू. तोंडाने खायला लागल्या तर ही नळी काढू. नाही तर पोटाला भोक पाडून तिथून कायमची नळी बसवावी लागेल.

सुधा मराठीत सांगत होती, इंदू पडल्या पडल्या ऐकत होती. अडखळत, पण प्रत्येक अक्षर नीट लावून म्हणाली, "उभा जन्म पंक्चर काढणाऱ्याचा संसार केला. आता मीच पंक्चर होऊ होय?"

डॉक्टरांनी सुधाला विचारलं, काय म्हणतात?

सुधा म्हणाली, "विचार करून सांगते म्हणाल्या."

*

गिळायचे व्यायाम शिकवायला स्टेला नावाची मुलगी घरी येऊ लागली. वयाने लहान, पण हात शांत. इंदूला अम्मा म्हणायची, मला अप्पा. पाठ सरळ, हनुवटी खाली, चमचा अर्धाच. गिळून झालं की "आ" म्हणायचं. आवाज स्वच्छ आला तर घास नीट गेला, घरघरला तर नाही.

पण घास जाणार कुठून? नाचणीची कंजी दिली, इंदूने जिभेने बाहेर ढकलली. दहीभात कालवून दिला, तोही ढकलला. सुधा म्हणाली, आई, कंजी चांगली असते, आजारी माणसाला देतात. इंदू म्हणाली, "म्हणून तर नको."

स्टेलाकडे एक छापील कागद होता. तिने विचारलं, यांना खायला सगळ्यात काय आवडतं? सुधाने मला मराठीत सांगितलं. मी लगेच सांगायला लागलो. पिठलं, ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, वरून कच्चं तेल. सुधा सांगत गेली आणि स्टेला लिहीत गेली.

पलंगावरून आवाज आला, "ती तुमची आवड."

स्टेलाचं पेन थांबलं. लग्नाला बावन्न वर्षं झाली होती. ती सगळ्यांच्या मागून जेवायची, जे उरेल ते जेवायची. काय आवडतं ते मी कधी विचारलं नव्हतं.

मी विचारलं, "मग तुझी कुठली?"

तिने उजव्या हाताने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. मग म्हणाली, "दुधातला गोड पाव." लहानपणी ताप आला की तिचे वडील स्टँडवरच्या बेकरीतून तो आणायचे. ताप असेल तरच.

मी म्हटलं, "मला कधी बोलली नाहीस."

"तुमच्याकडे आल्यावर ताप यायला सवड कुठं होती?"

*

स्टेलाने आधी मान हलवली. कोरडा पाव यांच्यासाठी धोक्याचा, म्हणाली. साल काढून, आतला भाग दुधात पूर्ण विरघळवून, चमच्यावर खिरीसारखा राहील असा द्यायचा. बेकरीचा आणून पाहिला. त्याला एसेन्सचा वास होता आणि दुधात त्याच्या तारा सुटायच्या. इंदूने तोंड फिरवलं.

तेव्हा समोरच्या दारातल्या कमला मामींनी त्यांच्याकडचं मशीन आणून दिलं. परदेशातल्या लेकीने पाठवलेलं, खोक्यातच पडून होतं. बादलीएवढं. आत एक भांडं, भांड्याच्या तळाशी कणीक मळायला एक लहानसं पातं. सगळे जिन्नस घालून झाकण लावलं की ते आपणच मळतं, फुगवतं आणि भाजतं.

मी आयुष्यभर यंत्र उघडून बघितल्याशिवाय वापरलं नाही. हेही उघडलं. भांडं काढलं, पातं काढलं, पुसलं, खाली दांड्याला तेलाचा थेंब दिला. सुधा ऑफिसला जाण्याआधी दूध, लोणी, साखर, मीठ, मैदा आणि यीस्ट वेगवेगळ्या वाट्यांत मोजून ठेवून गेली होती. मी ते क्रमाने घातलं आणि बटण दाबलं. मशीन साडेतीन तास घरघरत होतं. मी समोर स्टुलावर बसून होतो.

झाकण उघडलं. वर करपलेला मैदा, त्याखाली कोरडा मैदा, तळाला उकळलेलं दूध. पातं ओट्यावर फडक्यात होतं, मी पुसून ठेवलं होतं तिथंच.

भांडं आणि फडक्यातलं पातं मी इंदूला नेऊन दाखवलं. तिच्यापासून लपवायची मला सवय नाही. तिने मान उचलून भांड्यात बघितलं, मग फडक्यातलं पातं बघितलं.

"गिऱ्हाइकाला सायकल दिली," ती म्हणाली, "चेन लावायची राहिली."

*

बटणांवरची अक्षरं इंग्रजी. मला ती वाचता येत नाहीत आणि सुधा दिवसभर घरी नसते. तिने इंदूच्या टिकल्यांचं पाकीट काढलं. चालू करायच्या बटणावर लाल टिकली, बंद करायच्या बटणावर काळी, आणि गोड पावासाठी जे बटण सहा वेळा दाबायचं त्यावर हिरवी. माझं काम सोपं झालं.

शुक्रवारी कमला मामी आल्या. स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. मशीनला टिकल्या बघितल्या आणि चपला बाहेर काढून आल्या. हात जोडले. तशाच घरी गेल्या आणि मोगऱ्याचा गजरा घेऊन आल्या आणि झाकणावर ठेवला. मी तो राहू दिला. आमच्या दुकानात दसऱ्याला पंपालासुद्धा हळदकुंकू वाहत होतो.

मग दर शुक्रवारी गजरा येऊ लागला. मशीन चालू करायच्या आधी मी तो हलकेच उचलून इंदूच्या उशाशी ठेवायचो.

तिसऱ्या शुक्रवारी ती म्हणाली, "पावाला वेणी झाली, कुंकू झालं. आता ओटी भरून सासरी तरी पाठवा."

*

ही गोष्ट मी बागेत फार वेळा सांगत नाही.

मळून झालं की मशीन पाच-सहा वेळा वाजतं. बेदाणे वगैरे घालायचे असतील तर आता घाला, असं त्याचं म्हणणं. पहिल्यांदा ते वाजलं तेव्हा मी ओट्यापाशी होतो. आतल्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर इंदूने उजव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरलेली, पाण्याचा तांब्या खाली, डोळे दारावर.

ती जिथं नऊ दिवस होती त्या आयसीयूमध्ये अगदी तसंच वाजायचं. ते वाजलं की नर्सा धावायच्या. शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या. एकदा वाजलं, धावपळ झाली, आणि नंतर ती खाट रिकामी झाली.

मी मशीनमध्ये तो आवाज बंद करायची जागा खूप शोधली. सापडली नाही. मग मी घड्याळ बघून ठेवलं. वाजायच्या पाच मिनिटं आधी हातातलं काम सोडून तिच्यापाशी जाऊन बसायचो आणि सांगायचो, "आता वाजेल हं. पाव आहे, दुसरं काही नाही." वाजून थांबेपर्यंत तिचा हात धरायचा, मग उठायचं. असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत.

एक दिवस पायात वांब आला, पोटरी आखडली, म्हणून मी दिवाणखान्यात बसून राहिलो आणि वेळ चुकली. मशीन वाजलं. मी धडपडत उठतो आहे तोवर आतून तिचा आवाज आला.

"अहो, जा. तुमचा पाव हाक मारतोय."

*

पाव जमायला लागला होता, पण घट्ट होत होता. दुधात भिजला तरी मध्ये गुठळी राहायची आणि गुठळी म्हणजे ठसका. स्टेला म्हणाली होती, अजून मऊ हवा. महिना उलटून गेला होता आणि इंदूचा एकही घास नीट उतरला नव्हता. माझ्या डोक्यात दिवसभर एकच शब्द. मऊ.

मी त्या दिवशी दूध थोडं जास्त घातलं आणि झाकणाच्या काचेतून आत बघत उभा होतो. कमला मामी आल्या. त्यांना मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही. त्यांनीही आत डोकावून बघितलं आणि बोट दाखवून म्हणाल्या, "मावु कम्मी."

मी ऐकलं, मऊ कमी. मनात म्हटलं, बाईला बरोबर कळलं. झाकण उघडून अर्धी वाटी दूध ओतलं.

मामींनी कपाळाला हात लावला. "अय्यो, मावु कम्मी! मावु!"

अजून मऊ हवा म्हणतात. मी अजून अर्धी वाटी ओतलं.

मामी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग माझ्या कानाशी येऊन, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं सावकाश म्हणाल्या, "मावु... इन्नुम... कम्मी." मी मान हलवली आणि पातेल्यात होतं नव्हतं तेवढं दूध आत घातलं. पातं फिरलं आणि सगळं भांड्याबाहेर उसळून खालच्या तापणाऱ्या तारेवर गेलं. धूर झाला.

सुधा त्या दिवशी लवकर आली होती. दोघांनीही तिच्याकडे एकदमच तक्रार केली, मी मराठीत, मामींनी तमिळमध्ये. ती आधी माझं ऐकत होती, मग त्यांचं. मग ती ओट्याला टेकून खाली फरशीवरच बसली आणि तोंडाला ओढणी लावून हसत राहिली. त्या घरात झटक्यानंतर कोणी हसलं ते त्या दिवशी.

"मामंजी," ती डोळे पुसत म्हणाली, "मावु म्हणजे पीठ. पीठ कमी पडलंय म्हणत होत्या त्या."

आतून इंदूने विचारलं, काय झालं. सुधाने सांगितलं.

"बरं झालं," इंदू म्हणाली. "मला वाटायचं, माझंच बोलणं यांना कळत नाही."

*

मामींच्या मुलीला मुलगी झाली तेव्हा त्या पायसम घेऊन आल्या. मी हात जोडून नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी खाली बागेत कोणी लाडू दिला, तोही नको म्हटलं. चहा मी बिनसाखरेचा घेत होतोच.

खरी गोष्ट अशी की इंदूच्या नाकात नळी घातली त्या सकाळी मी मनातल्या मनात जोतिबाला बोललो होतो, ही नळी निघेपर्यंत गोड तोंडात घालणार नाही. असं बोललेलं कोणाला सांगायचं नसतं. म्हणून रोज गोड पाव करायचो आणि त्याचा कण चाखायचो नाही. घास सुधा घरी असतानाच द्यायचे, म्हणून दुधात साखर तीच घालायची, चव तीच घ्यायची.

मामींना वाटलं, मला शुगर आहे. त्यांनी बागेत सांगितलं, बागेने तिन्ही बिल्डिंगांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी दारात एक ग्लास घेऊन उभ्या. आत हिरवा रस.

"पावक्काय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "पाव अजून झाला नाही."

"पावक्काय, पावक्काय," म्हणत त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला. मी एक घोट घेतला. कारल्याचा रस. पावक्काय म्हणजे कारलं. त्या समोर उभ्या होत्या आणि ग्लास संपेपर्यंत हलणार नव्हत्या. शुगर नाही म्हणावं, तर गोड का खात नाही ते सांगावं लागणार. मी संपवला. मग रोज सकाळी.

अकराव्या दिवशी इंदू माझं तोंड बघत होती. म्हणाली, "खरं काय ते सांगून टाका त्यांना. मला केव्हाच कळलंय."

मी विचारलं, "कशावरून?"

"रोज कारल्याचा रस गुमान पिणारा माणूस," ती म्हणाली, "एक तर आजारी असतो, नाही तर नवस केलेला. आणि तुम्ही जेवता तर दोन माणसांचं."

*

दोन महिने भरले. दवाखान्यात जायचा दिवस ठरला. डॉक्टर स्वतः समोर बसून बघणार, बारा चमचे. बारा नीट उतरले तर नळी निघेल. नाही तर पुढच्या आठवड्यात पोटाला भोक, त्याचा कागद टेबलावर तयारच असणार. पाव आता मऊ होत होता, तरी तोवर घरी इंदूने सगळ्यात जास्त घेतले होते पाच. सहाव्याला ठसका लागायचा आणि मग ती दिवसभर तोंड उघडायची नाही.

त्या सकाळी सुधाला ऑफिसमधून फोन आला, तिला जाणं भाग पडलं. जाताना ती म्हणाली, "मामंजी, दुधात दोन चमचे साखर घाला, बारीक केलेली." मी पावाचा आतला भाग कुस्करला, कोमट दुधात घातला. ओट्यावरचा डबा उघडला, दोन चमचे घातले, ढवळून सगळं न्यायच्या डब्यात भरलं. मुलाने आम्हा दोघांना गाडीत बसवलं.

खोली लहान होती. डॉक्टर, स्टेला, मुलगा आणि मी. इंदूला खुर्चीत ताठ बसवलं. स्टेलाने डब्यातलं वाटीत काढून पहिला चमचा दिला.

इंदूने डोळे मिटले. तोंड तसंच राहिलं. मला वाटलं, झालं, ती आता जिभेने बाहेर ढकलणार. डॉक्टर पुढे वाकले. इंदूने डोळे उघडले, पण डॉक्टरांकडे बघितलं नाही, स्टेलाकडेही नाही. माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली. तिने हनुवटी खाली घेतली. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

"आ," ती म्हणाली. स्वच्छ.

दुसरा. तिसरा. प्रत्येक चमच्याला ती माझ्याकडे बघायची, मग गिळायची, मग "आ." पाच झाले. सहाव्याला मी भिंतीकडे तोंड केलं. मागून आवाज आला, "आ." आठव्याला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. स्टेला थांबली, पुरे का विचारलं. इंदूने मान हलवून तोंड उघडलं. दहा. अकरा. बारा.

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद उचलला आणि खणात ठेवला. स्टेलाने नाकावरची पट्टी भिजवून सोडवली आणि हळूहळू नळी बाहेर ओढली. ती बरीच लांब होती.

वाटीत तीन-चार चमचे उरले होते. इंदूने नवसाचं सुधाला आणि सुधाने स्टेलाला कधीतरी सांगितलं असावं. तिने वाटी माझ्यापुढे धरली. "अप्पा, आज तुम्ही."

मी हात पुढे केला तोवर इंदूने उजव्या हाताने वाटी ओढून घेतली. छातीशी धरली.

"माझं आहे ते," ती म्हणाली. आणि स्टेलाच्या हातून शेवटच्या चमच्यापर्यंत सगळं खाल्लं. स्टेला म्हणाली, अम्माला आवडलं. मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

घरी आलो. इंदूला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. नाकाच्या शेंड्यावर पट्टीचा पांढरा डाग राहिला होता. मी दवाखान्यात नेलेला डबा धुवायला घेतला. झाकणाच्या कडेला थोडं दूध लागलं होतं. म्हटलं, नवस फिटला, आता तोंड गोड करायला हरकत नाही. बोटाने ते पुसून घेतलं आणि जिभेवर ठेवलं.

मी नळ बंद केला. ओट्यावरचे दोन डबे उघडून दोन्हींतलं चाखलं. सुधा डब्यांवर नावं तमिळमध्ये लिहिते. मग मी बाहेर येऊन इंदूच्या समोर उभा राहिलो.

"अगं," मी म्हटलं, "ते मीठ होतं."

"हं."

"मग बोलली का नाहीस?"

ती खाली बागेकडे बघत होती.

"तोंडात घास होता ना," ती म्हणाली.